नव्या राष्ट्रपतींविषयी मंजूर झालेलं पहिलं मत

राष्ट्राच्या आयुष्यात पहिल्या मताला फार महत्त्व असतं, कारण दुसरं बनवायला कुणाला सवड नसते. म्हणूनच दक्षिण कोरियाच्या राजधानीतल्या, सोलमधल्या, त्या सहाशे बारा घरांच्या वसाहतीनं आपलं मत शपथविधीच्या नऊ दिवस आधीच तयार ठेवलं. नवे राष्ट्रपती इथलेच रहिवासी. शपथेच्या सकाळी ते सपत्नीक इथूनच निघणार, शेजारी झेंडे हलवणार आणि पत्रकार विचारणार, "कशी वाटली माणसं?"

रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा पांगबाईंनी पत्रक लावलं. राष्ट्रपतींविषयी: साधे आहेत, लिफ्टमध्ये आपणहून नमस्कार करतात. पत्नींविषयी: साध्या आहेत, कचरा स्वतः वेगळा करतात. (राष्ट्रपतींना लिफ्टमध्ये भेटल्याचं पाचशे ऐंशी कुटुंबांनी कळवलं. त्या लिफ्टवर घरं आहेत चाळीस. मंडळानं हा फरक आपुलकीत धरला.)

फुलं द्यायला पाच वर्षांच्या दाओनची निवड झाली आणि तिच्या आईची, बोरामची, झोप उडाली. बालमानसशास्त्रावरची दोन पुस्तकं तिनं खुणा करून वाचली होती. मोठ्यांना एका हातानं वस्तू देणारं मूल म्हणजे वळण नसलेलं घर, हे मात्र पुस्तकाशिवायच साऱ्या देशाला ठाऊक होतं. तालीम सुरू झाली. राष्ट्रपती म्हणून नवरा, गुच्छ म्हणून कांद्याच्या पातीची जुडी.

"दोन्ही हात, दाओन!"

"बाबांना पात हवी तर ते फ्रिजमधून का घेत नाहीत?"

"बाबा आत्ता राष्ट्रपती आहेत गं."

"मग आज भांडी कोण घासणार?"

एकशे चौदा तालमी झाल्या. (सहाव्या दिवशी नवऱ्यानं ऑफिसच्या कामाचं कारण देऊन पद सोडलं. हंगामी कार्यभार सासूबाईंनी सांभाळला.)

शपथेच्या सकाळी दाओननं कमरेत वाकून, अगदी शिकवल्यासारखे, दोन्ही हात पुढे केले. त्याच क्षणी राष्ट्रपतींच्या पत्नींनी, त्या अलिप्त दिसतात असं सल्लागारांनी बजावलेलं असल्यामुळे, तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. "किती गोड गं!" गुच्छ उजव्या हातात राहिला. राष्ट्रपतींनी तो घेतला. कॅमेरे तेवढ्यातच लखलखले.

"दाओनच्या आई, एका हातानं?" पांगबाई मागून पुटपुटल्या.

"अहो, दुसरा त्यांनीच धरलाय!"

"त्यांच्यावर ढकलू नका. त्या साध्या आहेत. पत्रकात आहे."

दुपारपर्यंत फोटोखाली एक्केचाळीस हजार मतं जमली. त्यांतली एक्क्याण्णव टक्के आईच्या संस्कारांवर, सहा टक्के आईच्या केसांवर. उरलेल्यांनी राष्ट्रपतींच्या पत्नींचा कोट कुठे मिळतो, असं विचारलं होतं.

बोरामनं सगळी वाचली. खुलासा लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. त्या खुलाशानं आणखी एक्केचाळीस हजार येतील, एवढा हिशेब शिकलेल्या बाईला जमतो.

"आई, मी चुकले का?"

"नाही गं राणी. तुझा हात धरलेला होता."

"हो. त्यांचा हात एकदम गार होता. बहुतेक घाबरल्या होत्या."

त्या जोडप्याविषयी दिवसभरात देशात बनलेलं स्वतःचं असं हे एकमेव मत. ते कुणी नोंदवलं नाही, कारण पत्रकात तशी ओळ नव्हती.

त्या दिवशी राष्ट्रपतींनी, पुढच्या पाच वर्षांत देशाचं काय करणार, यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. बोरामनं ते ऐकलं नाही. तिची लेक चव्हाट्यावर होती, तिला माफ आहे. वाचकहो, तुमचं तसं काहीच नव्हतं. तरी इथवर येऊन तुम्ही त्या गृहस्थांचं नावसुद्धा विचारलं नाहीत. बोराम आई म्हणून कशी आहे, हे मात्र तुमचं ठरून गेलंय.