हमीदचाचांचा आणखी एक पावसाळा

आमच्या अमरावतीच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदचाचांची लाकडाची वखार आहे, आणि तिथे लाकूड विकत घेणं सोपं नाही. दार, पलंग, कपाट यांना चाचांची हरकत नसते. पण कुणी अंगणातल्या ओट्यासाठी किंवा मोरीशेजारच्या फळीसाठी सागवान मागितलं, की ते खुर्चीवरून उठतात.

"उघड्यावर? पान्यात? मंग असं करा भाऊ, चहात टोस बुडवा आन् त्याच्यावर बसा!"

गिऱ्हाईक हसतं. चाचा हसत नाहीत. गिऱ्हाईक समोरच्या वखारीत जातं.

तशीही ही गोष्ट घडली ती वर्षं वखारीला बरी नव्हती. पूर्वी कापूस विकला गेला की खेड्यांतून ट्रॅक्टर चौकटी न्यायला यायचे. आता ते भरून येत आणि रिकामे जात. लोक घराच्या तुळया आणि जुनी दारं काढून विकायला आणत. चाचा ती दारं मागच्या शेडमध्ये ठेवत आणि कुणाला दाखवतच नसत. "वापस न्यायले येईन थो," एवढंच म्हणत.

लाकडाशी त्यांचं हे वैर जन्माचं नव्हतं. त्यांची थोरली बहीण, रजियाआपा, चिखलदऱ्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. तिथेच उतारावर त्यांनी लहानसं घर बांधलं. उतारामुळे पुढचं दार जमिनीपासून कमरेइतकं उंच, म्हणून दारापासून रस्त्यापर्यंत फळ्यांचा ओटा हवा होता. तो चाचांनी स्वतः, वखारीतलं निवडक सागवान लावून केला. ते त्याला फलाट म्हणत. चिखलदऱ्यात चार महिने पाऊस आणि उरलेला वेळ धुकं. सातव्या पावसाळ्यात वरून चकचकीत दिसणारी एक फळी खालून कुजून गेली आणि आपांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. हाड जुळलं, हातात काठी आली, आणि आपा भावाकडे अमरावतीला राहायला आल्या.

आल्या दिवशीच त्यांनी सांगितलं, "माझं घर वर आहे, हमीद. फलाट झाला की मी जाणार."

चाचा म्हणाले, "करतो. पन लाकडाचा नाई."

यात मी आले ती इंग्रजीमुळे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बी. एस्सी. झालेली, आणि नोकरीची वाट बघत घरी बसलेली. चाचांनी नागपूर-मुंबईहून मागवलेली माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत. एक दिवस ते आईला म्हणाले, "वहिनी, मॅडमले जरा पाठवा." मॅडम म्हणजे मी. मला अनोळखी लोकांशी बोलायचं टाळता येईल तेवढं टाळायची सवय होती. पण इथे गाठ फळ्यांशी होती, म्हणून गेले.

वखारीच्या मागे, घराला लागूनच, त्यांनी शाळा मांडली होती. एका लोखंडी सांगाड्यावर शहाबादी फरशी, जस्ती पत्रा, सिमेंटची फळी, प्लास्टिकची फळी, भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी आणि फायबरची जाड, टणक जाळी. वर गळका ड्रम. धुण्याभांड्याचं पाणी त्यात साठवायचं आणि थेंब थेंब सोडायचं. आठवड्यातून एकदा प्रत्येकीवर ताक ओतायचं.

"ताक कशाला?" मी विचारलं.

"शेवाळ लवकर धरते. दुश्मनाले जेवू घातल्याबिगर लढाई कशी व्हईन?"

मग अनवाणी पायाला साबण लावून चाचा एकेकीवरून चालत. मी वहीत लिहायचं. माझं मराठी लिहिणं हळू होतं, तर म्हणाले, "इंग्रजीतच लिहा. मालबी तिकडचाच हाय." वादाचा मुद्दा निघाला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "पान्याले इचारू." आपा आतून ओरडायच्या, "नळ एक दिवसाआड येतो, हमीद! आधी पिण्याचं पाणी काय म्हणतं ते विचार!"

भुशाच्या फळीवर त्यांचा आधी राग होता. "म्हंजे लाकूडच की! बुरखा घालून आलं." पण दिसायला देखणी, म्हणून एक लहानसा फलाट तिचा करून पाहिला. जन्मभर लाकूड हाताळलेला माणूस. लाकूड पाण्यानं रुंदीत फुगतं, म्हणून त्यांनी दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट ठेवली आणि टोकं भिंतीला घट्ट भिडवली. मे महिन्यात ऊन तापलं आणि फळ्या मधोमध उंटासारख्या उठल्या. ही फळी पाण्यानं रुंद होत नाही, उन्हानं लांब होते. जागा टोकाशी ठेवायची असते.

"पुस्तकात लिवलं नव्हतं काय हे?"

"लिहिलं होतं. मी वाचलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"कवा?"

"तुम्ही भोकं पाडत होतात तेव्हा."

"अवो, मंग बोंबलून सांगा ना! तुमी त बातमी अशी हळू सांगता, जशा दवाखान्यात बसून राहिल्या."

पावसाळ्यात बाकीच्यांचे निकाल लागले. फरशीवर शेवाळ धरलं आणि चाचा साबणाशिवायच पडले. पत्रा भोकांपाशी गंजला. सिमेंटच्या फळीचे कोपरे सुटले. प्लास्टिकची फळी दोन माणसं उभी राहिली की झोळीसारखी लवली. उरली फायबरची जाळी. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात, रंगाचं पाणी सतत सांडतं तिथे हीच जाळी टाकतात. वरून खरखरीत, पाणी खाली निघून जातं. मोठ्या भोकांत काठी अडकायची, म्हणून चाचांनी बारीक भोकांची शोधून आणली. दसऱ्याला मी वहीत लिहिलं की ही पास.

चाचा म्हणाले, "एका पावसाळ्यात मानूस कळत नाई, जाळी काय कळन? आनखी एक पावसाळा."

दुसरा पावसाळा झाला. जाळी होती तशीच. चाचांनी ती उलटी करून पाहिली, नखानं खरवडली, वासही घेतला. "आनखी एक पावसाळा," म्हणाले.

फेब्रुवारीत एका दुपारी मी आईनं दिलेली भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले. आपा तूरडाळ निवडत होत्या, चाचा समोर जेवत होते. आपा मान वर न करता म्हणाल्या, "वही तू लिहितेस ना? कोण पास झालं?"

मी चाचांकडे पाहिलं. ते भाकरीचे फार लहान तुकडे करत होते.

"जाळी," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"फायबरची जाळी. पहिल्याच पावसाळ्यात. दुसऱ्यातही." या वेळी एवढ्या मोठ्यानं, की बाहेर करवतीवरचा माणूस वळून बघायला लागला.

"मग तू थांबलायस कशाला, हमीद?"

"पान्याले इचारून राहिलो, आपा."

"पाण्यानं दोनदा सांगितलं. तुला ऐकायचं नाही."

चाचा हात धुवून वखारीत निघून गेले. ते माझ्यावर नाराज झाले असणार, असं मला वाटलं. पण घरी येताना दुसरंच आठवत राहिलं. चाची गेल्यापासून, मुलं पुण्याला गेल्यापासून, चाचा दुपारचा डबा वखारीत उभ्यानं खायचे, झाकणातच. आपा आल्यावर ते एक वाजता गल्ल्याला कुलूप लावून घरी जायला लागले. दोन वर्षं मी हे पाहत होते आणि वहीत लिहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांची हाक आली. "मॅडम, मापं वाचा. आन् आज बोंबलून."

मग चाचांनी मागे पाहिलं नाही. नांदगाव पेठेहून जाळी आणली. कापलेल्या प्रत्येक कडेला राळेचा हात दिला, म्हणजे पाणी आत शिरायचं नाही. खांब जस्त चढवलेले, बोल्ट न गंजणारे. मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिलसुद्धा काढायला लावली. "कामावर लाकूड नको म्हनलं ना!" वर फलाट उभा राहिला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं आपांचं सामान टेंपोत घालून वर गेलो.

आपा फलाटाच्या रस्त्याकडच्या टोकाशी उभ्या राहिल्या. काठीनं दोनदा ठोकलं. मग चपला काढल्या, फलाटावर चढल्या आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. चाचा त्यांच्या पायांकडे पाहत होते.

"पायाला टोचतंय," आपा म्हणाल्या.

"टोचते म्हनून त पाय सरकत नाई."

"आणि हे एवढं रुंद कशाला? मला एकटीला याच्या निम्म्यात भागलं असतं."

"जाळी उरली व्हती," चाचा म्हणाले.

मापं मीच वाचली होती. उरलं काहीच नव्हतं.

आपांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातानं खुर्ची ओढत बाहेर आल्या. चाचा मदतीला पुढे झाले तर त्यांच्यावरच डाफरल्या. पुन्हा आत गेल्या आणि दुसरी खुर्ची आणली.

"बस."

चाचा बसले. आधी काठावर, मग नीट टेकून. समोर दरीत धुकं भरत होतं. खालच्या वळणावर आमची परतीची साडेचारची एसटी हॉर्न देऊन गेली. एरवी बसच्या तासभर आधीच पिशवी खांद्याला लावून उभा राहणारा हा माणूस जागचा हलला नाही. आपांनी त्यांना शाळेच्या मागचा कुठला तरी कडा दाखवायला काठी उचलली.

सहाची बस होतीच. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.