पाठिंब्याचा पेपर

"पाठिंबा शंभर टक्के! एक मत जरी इकडचं तिकडं झालं ना, तर मिशी उतरवीन!"

कॉलेजच्या फाटकाबाहेर घातलेल्या मांडवात उभं राहून प्रणयने ही घोषणा केली आणि टाळ्या पडल्या. मिशी तशी फारशी नव्हती, ती बघायला त्याला उन्हात उभं करावं लागायचं. पण ऐट मात्र पूर्ण वाढलेली होती!

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधोमध, दोघांनाही आपलं न वाटणारं असं हे कॉलेज. तिथल्या क्लार्क, शिपाई, लॅबवाले अशा सगळ्या मंडळींनी "आता तरी कायम करा" म्हणून संप पुकारला होता. प्रणयला त्यांचा कळवळा होता, नाही असं नाही. पण त्याहून मोठा कळवळा होता सोमवारच्या पेपरचा. अकाउंटची केटी, मागच्या वर्षी नापास होऊन राहिलेला विषय! यंदाही ती निघाली नाही तर बाप त्याला कॉलेजातून काढून किन्हवलीच्या पोल्ट्रीवर बसवणार होता, आणि त्याचा बाप बोलला की करायचाच. इकडे पुस्तकावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून फाटलेलं नव्हतं. थोडक्यात, संप टिकला तरच प्रणय टिकणार होता.

प्राचार्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "मुलांचा पाठिंबा असेल तर परीक्षा पुढे ढकला असं मी विद्यापीठाला कळवतो. नसेल तर प्राध्यापकांना घेऊन सोमवारी पेपर उरकतो. घ्या मतदान!"

घ्या म्हणणं सोपं असतं हो. घेणार कोण? प्राध्यापकांनी सकाळभर हॉलची किल्ली शोधली. कॉमर्सच्या सरांनी एक किल्ली लावून बघितली, तर लेडीज रूममधून आरडाओरडा झाला! शिक्का कुठे, कागद कुठे, बाकं कुठे, कुणाला काही पत्ता नाही. शेवटी प्रणय मांडवात परत आला.

"भाऊसाहेब, मतदान घ्यायला माणसं पायजेत."

"आमी संपावर हाओत," हेडक्लार्क कुंडलिक भाऊसाहेब म्हणाले.

"पण मत तुमच्यासाठीच हाये ना! तुमी नाय आलात तर तुमच्या संपाला पाठिंबा मिळायचा कसा?"

भाऊसाहेब विचारात पडले. तेवढ्यात शिपाई शकूताई कमरेला पदर खोचत उठल्या. "मंग ते संपाचंच काम झालं की! चला गो, उठा!"

आणि सगळा मांडव उठून कॉलेजात शिरला. इथेच माशी शिंकली. कारण पोरांना हॉलमध्ये बसवायचं, कागद वाटायचे आणि परत घ्यायचे, हे या मंडळींनी जन्मभर एकाच पद्धतीने केलं होतं!

तासाभरात बाकं रांगेत लागली. एका बाकावर एक. बाकांवर खडूने नंबर पडले. दप्तरं आणि मोबाइल बाहेर. दारात शकूताई प्रत्येकाचं ओळखपत्र बघत होत्या. मतपत्रिकेवर वर बैठक क्रमांक, खाली सही, आणि मध्ये 'प्रश्न पहिला : कर्मचाऱ्यांच्या संपाला पाठिंबा द्यावा काय? सकारण लिहा. वेळ : अर्धा तास.'

"भाऊसाहेब, मतदान गुप्त असतं ना?" प्रणय हादरलाच.

"गुप्तच हाये. नंबरावर स्टिकर लावतो मी. तपासनाऱ्याला नाव दिसायचं नाय."

"तपासणारा? आणि सकारण कशाला?"

"नुसतं हो-नाय लिवायला अर्धा तास कशाला पायजे?" भाऊसाहेबांनी उलट विचारलं. आणि घंटा झाली.

कागद समोर आला आणि पोरांची सवय जागी झाली. भूमिका म्हणजे वर्गातली पहिली. तिने समास आखला, प्रस्तावना लिहिली आणि पंधराव्या मिनिटाला हात वर केला, "पुरवणी!" मागच्या बाकावरचा रितेश घामाघूम होऊन कुजबुजत होता, "पहिल्याचं काय लिवलंस रे? पहिल्याचं?"

"एकच प्रश्न हाये, गाढवा! हो लिव!" प्रणय मान वळवून म्हणाला.

खांद्यावर हात पडला. शकूताई!

"काय सांगतोस रे त्याला?"

"ताई, मी तुमच्याच बाजूने सांगतोय!"

"बाजू कुनाची पन असूं दे. हॉलमदे बोलायचं नाय!" आणि त्यांनी प्रणयचा कागद ओढून घेतला, त्यावर लाल पेनाने 'गैरप्रकार' असं लिहिलं आणि खाली वेळही टाकली.

निकाल ऐकायला सगळं कॉलेज हॉलमध्येच थांबलं. संस्थेचे अध्यक्षही गाडी काढून आले होते. कागद बघता बघता भाऊसाहेबांच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या.

"सर, एक भूमिका सोडली तर समद्यांचं उत्तर एकच हाये. 'होय, कारण संप हा कष्टकऱ्यांचा हक्क आहे.' काना-मात्रेचा फरक नाय!"

फरक असणार कसा? कुणी चुकू नये म्हणून प्रणयनेच ते वाक्य सकाळी ग्रुपवर टाकलं होतं आणि पाठ करून या म्हणून बजावलं होतं!

"मग? एकमत झालं की!" प्राचार्य म्हणाले.

"एकमत कसलं सर? ही सामूहिक कॉपी! मी निकाल राखून ठेवतो."

"अहो भाऊसाहेब, तुमच्या संपाला पाठिंबा हाये तो!" प्रणय ओरडला.

"म्हनून काय कॉपी पास करूं? मी आजवर केली नाय!"

उरला भूमिकाचा एकुलता एक वैध कागद. त्यात संपाचे फायदे, तोटे आणि 'अशा प्रकारे पाठिंबा द्यावा, तसेच देऊही नये' असा समारोप होता. भाऊसाहेबांनी तिला दहापैकी आठ दिले.

अध्यक्ष मात्र मघापासून त्या रांगेतल्या बाकांकडे बघत होते. सकाळभर प्राध्यापकांना किल्ली सापडली नव्हती, आणि या मंडळींनी तासाभरात सगळी परीक्षा उभी केली होती. "यांना कायम करून टाका," ते प्राचार्यांना म्हणाले. "नाहीतर कॉलेजला कुलूपच लावावं लागेल, आणि ते कुठे असतं ते तुम्हाला माहीत नाही."

हॉल दणाणला! शकूताई रडल्या, भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. संप मिटला. प्रणयनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि मग त्याचे हात हवेतच थांबले.

"बाकं हलवूं नका रे," भाऊसाहेब सांगत होते, "सोमवारच्या पेपरला हीच बैठक! आनि प्रणय, तुझी गैरप्रकाराची चौकशी हाये. त्याशिवाय पेपरला बसता येनार नाय. बापाला घेऊन ये."

प्रणयने व्हरांड्यात जाऊन फोन लावला आणि बापाला एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कॉपी केलीस?" बापाचा आवाज चढला.

"मी नाय केली, बाबा! समद्या कॉलेजने माझं बघून लिवलं!"

बापाचा चढलेला आवाज एकदम उतरला. मग बाप काळजीने म्हणाला, "तुझं बघून लिवलं? आरं, त्यांच्या आयबापांना कुनी कळवलंय का?"