म्हशीच्या मोलाची तार

सुभेदार यशवंताच्या घरी गेलात तर चपला बाहेर काढा, पाय धुवा आणि मधल्या खोलीत शिरताना आधी खाली बघा. तिथं एक तार आहे आणि ती जमिनीला टेकलेली नाही. सुताराकडून त्यानं सागवानाच्या बारा घोड्या करून घेतल्या आहेत, वीतभर उंचीच्या. त्यांच्या पाठीवरून ही तार टीव्हीच्या कपाटापासून दोन कोपऱ्यांतल्या स्पीकरच्या दोन उंच खोक्यांपर्यंत जाते. टेकली तर आवाज फरशीत जिरतो, असं त्याचं म्हणणं. माणसानं पाय उचलून पलीकडं जायचं. चुकून पाय लागलाच तर तारेच्या पाया पडायला लावत नाही, एवढंच नशीब.

मी पलूसात चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची गुंडाळायची. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण तार माझ्या बोटांना कळते. तांबं चोख पाहिजे, जाडी बरोबर पाहिजे आणि जोड घट्ट पाहिजे. चौथं काही नसतं. तार ती तार. हे मी सगळ्या गावाला सांगत आलो आणि कुणी खोडलं नाही. खोडणारा निघाला तो माझ्याच बाकावर बसून शिकलेला.

यशवंता तोफखान्यात गेला आणि सुभेदार होऊन परतला. पेन्शनीत आल्यावर काही वर्षं तो रोज आमच्याबरोबर पारावर बसायचा. मग यायचा बंद झाला. किसन आबा म्हणाला, "सायेब झालाय त्यो. आपल्यात बसाया लाजतोय." मलाही तसंच वाटलं. पुढं त्यानं घरात सिनेमा बसवला आणि दर रविवारी दुपारी आम्हा आठ-दहा म्हाताऱ्यांना बोलवायला लागला. भडंग, चहा आणि सिनेमा. सिनेमा चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, असा हुकूम. आबाला एकदा खोकला आला तर त्याला पडवीत जाऊन खोकून यावं लागलं.

तार पुण्याहून आली, मखमलीच्या पेटीतून. दाव्याएवढी जाड, वरून निळी जाळी. मी किंमत विचारली. सुभेदार छताकडं बघायला लागला. त्याची बायको, आमच्या वैनी, चुलीपाशी होत्या, त्या म्हणाल्या, "एक दुभती म्हस, भावजी. रेडकासकट."

तारेवर बाण छापलेले होते. मी विचारलं, "हे कशाला?"

"आवाज बाणाच्या दिशेनं जातो. उलटी लावली की बिघडतो. समझा?"

"गड्या, पाटाला उतार असतो. तारेला कसला उतार?"

"कान तयार पायजे, मिस्त्री," तो म्हणाला. हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. मोटारीच्या घरघरीत माझे कान गेले, असं त्याला सुचवायचं असायचं.

मग म्हणाला, तार मुरावी लागते, लोणच्यासारखी. म्हणून आठ दिवस रिकाम्या खोलीत मारामारीचे सिनेमे लावून ठेवले. आत कुणी नाही आणि खोलीत नुसत्या तलवारी चाललेल्या. वैनी भाकरी थापताना दचकायच्या. नवव्या दिवशी तो म्हणाला, "आता उजाडलं." महिनाभरानं म्हणाला, "परत जरा मंद वाटतंय. हिच्यापेक्षा वरच्या दर्जाची मिळती."

तिथं वैनींचं डोकं फिरलं. रविवारी सगळ्यांसमोर उंबऱ्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी रोज म्हणता तार ती तार. हे म्हणत्यात न्हवं. एकदाचं करूनच दावा. डोळं झाकून ह्यांनी तार वळकायची. न्हाई वळकली तर खोली रिकामी करायची. खोकी, टीव्ही, घोड्या, समदं इकायचं. रविवार बंद."

सुभेदार उठून उभा राहिला. मग छाती काढून म्हणाला, "ठीक है. आन वळकली तर मिस्त्रीनं पारावर हुभं ऱ्हाऊन म्हणायचं, मी चुकलो. तार ती तार नसती, मला त्यातलं कळत न्हाई."

आबानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मी हात पुढं केला. आयुष्यात मी 'चुकलो' म्हटलेलं माझ्या बायकोलाही आठवत नाही. पण त्याचा हात हातात आला तेव्हा तो घामानं भिजलेला होता. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी भिंतभर चादरी बांधल्या. चादरीमागं दोन्ही खोकी, कपाट आणि मी. एका बाजूला त्याची निळी तार, दुसऱ्या बाजूला माझ्या दुकानातली साधी दोन पदरी. वैनी चादरीच्या कडेला स्टुलावर बसल्या. तिथून त्यांना मीही दिसत होतो आणि तोही. हातात वही. मी कुठली तार लावली आणि तो काय म्हणाला, दोन्ही लिहायचं. सहा खेपा, त्यातल्या पाच बरोबर आल्या पाहिजेत. गर्दीत कान लागत नाही म्हणून सुभेदारानं बाकीच्यांना पडवीत बसवलं आणि दार लावून घेतलं. मग खुर्चीत ताठ बसून त्यानं डोळे मिटले.

सिनेमाचा तुकडा ठरलेला होता. घोडी डावीकडून दौडत येतात आणि उजवीकडं निघून जातात. सहाही वेळा तोच.

पहिल्या खेपेला मी माझी तार लावली. "मिस्त्रीची," तो म्हणाला. "लय कोरडी हाय." बरोबर आलं.

दुसरी खेप त्याच्या तारेची. "माझी." हेही बरोबर. पडवीतून दार बडवत आबा ओरडला, "काय झालं रं?" "गप बस," सुभेदार ओरडला.

तिसऱ्या वेळी त्याचीच तार तशीच ठेवली. त्यानं मान एकदा उजवीकडं कलवली. मग म्हणाला, "मिस्त्रीची." चुकला. वैनींनी लिहिलं. आता एकही चूक परवडणार नव्हती. त्याला निकाल कुणी सांगत नव्हतं, पण त्याच्या कानशिलावरून घाम गळ्यापर्यंत उतरलेला मला फटीतून दिसत होता. वैनींची बोटं पेनावर पांढरी पडली होती. भांडण त्यांनीच लावलेलं, पण आता त्यांनाही ते सोसत नव्हतं.

चौथ्या खेपेला मी घाई केली. माझी तार जोडली, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. घोडी आली, पण फक्त उजवीकडून. डावं खोकं मुकं होतं. बघतो तर डाव्या बाजूचं तारेचं टोक स्क्रूतून निसटून लोंबत होतं. जोड घट्ट पाहिजे म्हणून जन्मभर सांगणाऱ्यानं जोड ढिला ठेवला होता. अलीकडं बोटांत पूर्वीचा जोर राहिलेला नाही. हे मी कुणाला सांगत नाही.

थांबवावं म्हणून हात पुढं केला, तोवर सुभेदार बोलला. डोळे मिटलेले, डावा हात हळूहळू हवेत उचललेला.

"ऐक. डाव्या अंगानं कशी येत्यात बघ. खूर न् खूर कळतोय. ही माझी."

मी तसाच राहिलो. वैनींनी माझ्याकडं पाहिलं, मग डाव्या खोक्याकडं. उठल्या आणि खोक्याच्या कापडावर तळवा ठेवला. आवाज असला की ते कापड थरथरतं. ते थरथरत नव्हतं. घोडी निघून गेली, तुकडा संपला. वैनी चादरीतून बाहेर आल्या, त्याच्या डाव्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "आवं."

तो हलला नाही.

"आवं," त्या पुन्हा म्हणाल्या. घरात नवऱ्याला हाक मारतात तेवढ्याच आवाजात.

"म्होरची लाव, मिस्त्री," तो समोर तोंड करून म्हणाला.

वैनी माझ्याजवळ आल्या. पदर तोंडाला लावलेला. "भावजी," त्या कुजबुजल्या, "मला वाटायचं, मुद्दाम ओ देत न्हाईत. चार वर्सं मी भांडतीया."

पाचवी आणि सहावी खेप मी डावं टोक दातओठ खाऊन आवळून केली. तो काय म्हणाला ते मला आठवत नाही. वैनींनी वहीत काही लिहिलं नाही, एवढं मी पाहिलं. मग त्यांनी दार उघडलं. सगळे आत आले.

"किती?" आबानं विचारलं.

वैनींनी कोरं पान समोर धरलं आणि वाचल्यासारखं म्हणाल्या, "पाच."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आबा म्हणाला, "मिस्त्री, बराबर हाय न्हवं? का काय घोळ?"

घोळ होताच. एक शब्द बोललो असतो तर मी जिंकलो असतो. माझी चाळीस वर्षं, माझं तांबं, माझी जाडी, सगळं बरोबर निघालं होतं. आणि संध्याकाळच्या आत ही खोली रिकामी झाली असती. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. सुभेदार माझ्या ओठांकडं बघत होता. कानावर विसंबता येत नाही तो माणूस कसा बघतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"बराबर हाय," मी म्हणालो.

गडी हसत-खिदळत चहाला पडवीत गेले. सुभेदार मागं राहिला. घोड्या सरळ करत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाच कशी आली रं? मी तर अंदाजपंचे सांगत हुतो."

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "चवथ्या खेपंला डावं खोकं बंद हुतं, येशवंता."

त्यानं हातातली लाकडी घोडी खाली ठेवली. "तोफंनं खाल्ला डावा कान. आता उजवाबी चाललाय. साताऱ्याला दवाखान्यात जाऊन दावून आलो. हिला सांगितलं, पेन्शनीचं काम हाय. कानाचं मशीन दिलंय त्यांनी. कपाटात हाय."

"मग लाव की."

"लावून बघितलं. भांडी वाजत्यात, कुत्री वराडत्यात, माणसाचं बोलणं तेवढं त्यात बुडतंय." जरा थांबून म्हणाला, "नवी तार आली की आठ दिस वाटतं, कान परत आला. मग मंद हुतंय. मग वाटतं, तारच हलकी असंल."

मी वाकून कलंडलेली एक घोडी सरळ केली.

"पारावर तुमी काय बोलता, मला कळायचं न्हाई, मिस्त्री. तुमी हसला की मी हसायचो. एकदा कुणाच्या तरी मयताची गोष्ट चालली हुती आन मी हसलो. तवापासनं आलो न्हाई." त्यानं पडवीच्या दाराकडं पाहिलं. "सिनेमात बरं असतंय. समदी शेजारी बसत्यात आन कुणी कुणाला इचारत न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पारावर गेलो. ठरलं ते ठरलं. आबानं सगळ्यांना आधीच गोळा करून ठेवलं होतं. माझा पडलेला चेहरा बघायची संधी त्याला साठ वर्षांत मिळाली नव्हती. आणि इस्त्रीचा सदरा घालून सुभेदारही आला होता, कधी नाही ते. जागा उरली होती तिथं कडेला बसला, सगळ्यांच्या उजवीकडं. म्हणजे आम्ही सगळे त्याच्या डाव्या हाताला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी चुकलो. तार ती तार नसती. मला त्यातलं कळत न्हाई." आबानं टाळी वाजवली. गडी हसले. त्यांच्याकडं बघून सुभेदारही हसला, पण जरा उशिरा. त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

मी पाराला वळसा घालून पलीकडं गेलो, त्याच्या उजव्या बाजूला टेकलो आणि कानाजवळ तोंड नेऊन सगळं परत म्हणालो, एकेक शब्द सुटा करून. आबा म्हणाला, "एकदा हारून पोट भरलं न्हाई व्हय मिस्त्रीचं?" मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

सुभेदारानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "रविवारी येतूस न्हवं?"

"येतो," मी म्हणालो आणि वर मानही हलवली.