आजोबांशिवाय निघालेली बस

घंटी दोनदा वाजली की बस सोडायची. कुणी वाजवली, का वाजवली, हे विचारायचं नाही. थॉर्नबेक बस कंपनीचा हा नियम आजोबांनी ब्रायनीला इतक्या वेळा ऐकवला होता, की कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली हे त्यांना कुणी कळवलंय की नाही, अशी तिला शंका येई.

आज कंपनीच्या आठवणीत जुन्या बसगाड्यांची मिरवणूक होती. वॉल्टरआजोबांनी कंपनीची शेवटची फेरी जिच्यावर मारली, ती लाल-पिवळी बस बारा वाजता जुन्या डेपोसमोरून जायची होती. त्या वेळी त्यांना बसमध्ये असायचं होतं, एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं स्टिअरिंग सोडवलं होतं. म्हणून त्यांनी नातीला चालवायला बसवलं (मोठ्या गाडीचा परवाना घरात तिच्याकडेच) आणि स्वतः कंडक्टर झाले. आत बसले होते क्लिफर्ड आणि ईनिड, कंपनीचे जुने कंडक्टर. दोघांची बोटं चाळीस वर्षं शिवशिवत होती.

टेकडीवरच्या गावात आजोबा थर्मासमध्ये चहा भरून घ्यायला उतरले.

"आवाज तोच आहे का बघू," म्हणत क्लिफर्डने घंटीची दोरी ओढली. टण टण.

बस निघाली. ड्रायव्हरची केबिन वेगळी, शेजारी इंजिनाची घरघर. घंटीखेरीज मागचं काही ऐकू येत नसे. आरशात एक म्हातारा हात हलवत पळताना दिसला. सकाळपासून रस्त्याकडेला अख्खं यॉर्कशर हात हलवत होतं. ब्रायनीनेही हलवला.

"अरे, वॉल्टर खाली राहिला!" ईनिडने थांबायची एक घंटी दिली. त्याच क्षणी क्लिफर्डनेही एक दिली. झाल्या दोन. ब्रायनीने वेग वाढवला.

"तू कशाला वाजवलीस?"

"थांबवायला!"

"मग मी काय नाचायला वाजवली? सोड, मी वाजवते."

"नको, मी वाजवतो!"

पुन्हा दोन. बस उतारावरून सुसाट. शेवटी ईनिडने छत्रीच्या मुठीने केबिनची काच बडवली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

सगळं कळल्यावर ब्रायनी मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. दूर वर, वळणावरच्या दगडी कठड्यावर आजोबा धापा टाकत बसले होते.

"चल, निघ," क्लिफर्ड म्हणाला. "बाराला दहा कमी. आपली गाडी कधी उशिरा पोचली नाही. वॉल्टर असता तर तोही हेच म्हणाला असता."

"ते नाहीत म्हणूनच तर थांबलोय ना, काका!"

"पोरी, मोठ्यांचं ऐकावं," ईनिड म्हणाली.

"सकाळपासून तेच करतेय, मावशी! त्याचं फळ तिथे कठड्यावर बसलंय. कंपनी गेली, डेपोत सुपरमार्केट आलं, उरलाय तो एक माणूस. त्याला रस्त्यात टाकून त्याच्याच बसची मिरवणूक? मी नाही नेणार. चुकली मिरवणूक तर चुकू दे. मी गाडी मागे घेतेय!"

केबिनचं दार धाडकन लागलं. आत बराच वेळ गिअरची कुरकुर, खरखर, एक मोठा आचका. बस दोन फूट पुढे गेली. ब्रायनी पुन्हा उतरून मागच्या दाराशी आली.

"काका, हिचा रिव्हर्स कुठे लागतो? आजोबांनी मला फक्त पुढे जायलाच शिकवलंय."

क्लिफर्डने ईनिडकडे पाहिलं, ईनिडने छत्रीकडे. जन्मभर मागे उभं राहून ड्रायव्हरला हुकूम सोडणाऱ्या त्या दोघांनी गिअरला कधी हातच लावला नव्हता.