पहिला रकाना कोणाचा

मेळाव्याला बारा दिवस उरले असताना दिपमालाने अभिमन नानांच्या बैठकीत आपली अट मांडली. नाना समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष, राहणारे अमळनेरचे. दिपमाला जळगावच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. वय एकतीस. गेली सहा वर्षे मंडळाच्या यादीत तिचं नाव छापून येत होतं, आणि सहाही वेळा छापू का म्हणून तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

"प्रोग्राम मी फुकट लिहून देते," ती म्हणाली. "मेळाव्यात कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एका क्षणात पडद्यावर येईल. पण तो चालला, तर माझं नाव यादीतून कायमचं निघेल. पुन्हा कोणी आमच्या घरी स्थळ घेऊन यायचं नाही."

"आणि नाही चालला तर?"

"तर स्टेजवर येऊन माझा परिचय मीच देईन. नऊवारी नेसून."

नानांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं.

"घे रे लिहून, हितेंद्र," नाना म्हणाले. हितेंद्र मंडळाचा चिटणीस. त्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान होतं, आणि समाजात संगणकातलं कळणारा माणूस म्हणून तोच ओळखला जाई. या अटीपर्यंत तरी.

काम अवघड नव्हतं. बाराशे चाळीस नावं, प्रत्येकापुढे तालुका, शिक्षण, वय, उंची. हा सगळा तक्ता सकाळी एकदा संगणकाच्या मेमरीत चढवायचा आणि त्याचा एक इंडेक्स बांधायचा. तक्ता आहे तसाच राहतो. इंडेक्स म्हणजे फक्त कोण कोणानंतर येतं याची वेगळी क्रमवारी. दिपमालाने ती आधी शिक्षणाने लावली, शिक्षण सारखं असेल तिथे वयाने, वयही सारखं असेल तिथे उंचीने. मुलींचे बाप याच क्रमाने प्रश्न विचारतात, हे सहा वर्षांत तिला पाठ झालं होतं.

बैठकीत तिने हे समजावलं आणि भांडण सुरू झालं.

"तालुका कुठे गेला?" नानांनी विचारलं.

"लागला तर शेवटी."

"शेवटी? यादी आजवर तालुक्याने लागत आली. अमळनेर पहिलं."

"ते अ मुळे, नाना."

यावर साक्रीचे झुलालभाऊ उठले. साक्रीचा नंबर यादीत कायम शेवटचा. "मी येच सांगी राह्यनू," ते अहिराणीत म्हणाले. "आमना पोऱ्यास्ना नंबर जेवननंतर येस. तवलोंग पोरीस्ना बाप पेंगाले लागतस. आते साक्री पहिले लावा."

"मग शिरपूरने काय पाप केलं?" मागून आवाज आला.

पाऊण तास असा गेला. चहा दोनदा झाला. शेवटी दिपमालाने लॅपटॉप मिटला. "हा रकान्यांचा क्रम आहे, पंगतीचा नाही. पुढे बसला म्हणून कोणाला मान मिळत नाही. विचारणारा काय विचारणार, त्यावरून तो ठरतो. मी बदलणार नाही."

नाना काहीच बोलले नाहीत. नाना गप्प बसले की काहीतरी ठरलेलं असतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दिपमाला सोडून.

रविवारी जळगावच्या मंगल कार्यालयात दोन हजार माणूस जमलं. स्टेजवर पडदा, पडद्याशेजारी दिपमाला, तिच्या शेजारी हितेंद्र. संगणक त्याच्याच दुकानातला होता, प्रोग्राम कालच त्यावर चढवलेला. पहिला प्रश्न चोपड्याच्या एका गृहस्थांनी विचारला. "मुलगा इंजिनिअर पाहिजे. वय तिशीच्या आत. उंची पाच-सहाच्या वर."

दिपमालाने बटण दाबलं. पडद्यावर आलं, एकही नाही.

 मग डाव्या बाजूने एक हात वर झाला. मग दुसरा. थोड्याच वेळात दीडशे इंजिनिअर हात वर करून उभे होते, आणि पडद्यावर त्यांच्यातला एकही अस्तित्वात नव्हता.

"काय शे हाई?" झुलालभाऊ म्हणाले. "बठ्ठा आठेच तं बशेल शेतस." सगळे इथेच आहेत, हे पडदा सोडून सगळ्यांना दिसत होतं.

तिने डॉक्टर विचारले. एकही नाही. शिक्षक विचारले, तेव्हा एक सापडला. तो अमळनेरचा निघाला आणि त्याचं लग्न गेल्याच महिन्यात झालं होतं.

नाना खुर्चीवरून उठले. आवाजात विजय जाणवू नये याची त्यांनी काळजी घेतली, पण ती पुरली नाही. "अक्का, अट आठवते ना? पातळाची सोय आमच्या घरून होईल. माईक तयार आहे."

"दोन मिनिटं, नाना."

तिने प्रोग्राम उघडला. इंडेक्स बांधायच्या ओळीत चार शब्द होते. तिने तीन लिहिले होते. चौथा, 'तालुका', सगळ्यांच्या आधी बसलेला होता. तिने हितेंद्रकडे पाहिलं. हितेंद्र बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

"काल संध्याकाळी नाना दुकानात आले होते," तो खालूनच म्हणाला. "म्हणाले, एक शब्द पुढे टाकायला काय जातं. अमळनेरचा मान राहील."

दिपमालाने माईक हातात घेतला. नऊवारीचा विचार तिच्या मनात एकदा येऊन गेला. तिने तो परत पाठवला.

"शाळेत पोरं उंचीने रांगेत उभी केली," ती म्हणाली, "तर उंच पोरगं शोधायला सगळी रांग तपासावी लागत नाही. मधल्या पोराकडे पाहायचं, ते बुटकं निघालं तर पुढच्या अर्ध्या रांगेतच शोधायचं. प्रोग्राम असाच शोधतो. पण कोणीतरी ती रांग गावाप्रमाणे लावली आणि मला सांगितलंच नाही. आता मधलं पोरगं पाहून काहीच कळत नाही. इंजिनिअर हरवलेले नाहीत. रांग बदलली आहे, आणि ती कोणी बदलली तेही मला माहीत आहे."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी पंख्याकडे पाहिलं.

"आत्ता पुन्हा बांधते," दिपमाला म्हणाली. "पण पहिला रकाना या वेळी मंडळ ठरवणार नाही, मीही नाही. ज्यांचं लग्न आहे त्या मुली ठरवतील. पहिलं काय विचारायचं तुम्हाला?"

हे या मंडपात आजवर कोणी विचारलेलं नसल्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. शेवटी चौथ्या ओळीतली एक मुलगी उठली. हेमांगी नाव, शिंदखेड्याला तलाठी.

"माझी दर तीन वर्षांनी बदली होते," ती म्हणाली. "बायकोची बदली झाली तर नवरा सोबत येणार का, ते आधी कळू द्या. शिक्षण मग बघू."

"असा रकानाच नाही," नाना म्हणाले.

"वाढवते," दिपमाला म्हणाली.

मुलींच्या बाजूने टाळ्या पडल्या. नोंदणीचा फॉर्म मोबाइलवर होताच. त्यात एक प्रश्न वाढला. ज्याचं त्याने भरायचं, वेळ अर्धा तास. उत्तरं तीन ठेवली होती. हो, नाही, आणि आईला विचारून सांगतो. तिसरं हितेंद्रने सुचवलं. माफी म्हणून त्याच्याजवळ तेवढंच होतं.

अर्ध्या तासाने इंडेक्स नव्याने बांधला गेला. आधी बदलीचं उत्तर, मग शिक्षण, मग वय, मग उंची. सहाशे मुलांत 'हो' म्हणणारे एकेचाळीस निघाले. चोपड्याच्या गृहस्थांचा प्रश्न आधी 'हो' जोडून पुन्हा टाकला, तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत नऊ नावं पडद्यावर आली. पहिलं नाव साक्रीचं होतं.

"मना भाचा," झुलालभाऊंनी शेजारच्याला सांगितलं. मग त्याच्या शेजारच्याला. मग उठून मागच्या ओळीला.

नाना पडद्याकडे एकटक पाहत होते. "आमचा प्रेमराज कुठे आहे?"

दिपमालाने नानांच्या मुलाचं नाव शोधून दिलं. तीनशे बारावा. आईला विचारून सांगतो.

"अरे, आई तुझ्या शेजारीच बसली आहे," नाना माईकवरूनच म्हणाले. "विचार की."

प्रेमराजने आईकडे वळून विचारलं. सगळा मंडप ऐकत होता. आई म्हणाली, "मला काय विचारतोस? मी कधी काही ठरवलंय का? तुझ्या वडलांना विचार."

जेवणं झाल्यावर नानांनी शब्द पाळला. तो गुण त्यांच्यात होता. मंडळाच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की दिपमालाचं नाव यादीतून कायमचं काढण्यात येत आहे. खाली सही केली, शिक्का मारला. तिच्या वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. घरच्या फोनचा आवाज आता कमी होणार, याचं सुख त्यांनाही होतंच, फक्त ते कधी बोलले नव्हते.

दिपमाला वायरी गुंडाळत होती, तेव्हा हेमांगी आली.

"ताई, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"मन लावलं तर पाच-सहा महिने."

"आणि मग नाव निघतं?"

"अट आधी लिहून घ्यायची," दिपमाला म्हणाली. "शिक्क्यासकट."

हेमांगीने मागे वळून मान हलवली. तिच्या मागे एक मुलगी येऊन उभी राहिली, मग आणखी दोघी, मग एक घोळकाच आला आणि त्याची रांग झाली.

नाना शिक्क्याचं पॅड बंद करून निघाले होते. रांग पाहून ते थबकले. "ही रांग कशाची, हितेंद्र? पुढच्या वर्षीची नोंदणी का?"

"नाही नाना. त्यांनाही प्रोग्राम लिहायचाय म्हणे. अट तीच."

नानांनी रांगेवरून नजर फिरवली. पुढच्या मेळाव्यात स्टेजवर कोण उभं राहणार, याचा हिशोब करत ते शेवटापर्यंत पोचले. शेवटच्या मुलीने त्यांना पाहिलं आणि हातातली पिशवी पुढे केली.

"पप्पा, एवढी धरा ना," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."