विहीणबाई आणि गाडीतला हीटर

गाडीचा हीटर गार हवा मारू लागला तो नेमका विहीणबाई यायच्या दिवशी. एरवी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या फ्रीजवाल्यांनी मफलर गुंडाळून हिवाळा काढला असता. पण विहीणबाईंची आइसक्रीमची चार दुकानं होती, फ्रीजर बघणारा त्यांचा माणूस काम सोडून गेला होता, आणि लेकीने सासूकडे बापासाठी शब्द टाकला होता. त्या आज माणूस पारखायला येणार होत्या. थंडी मात्र त्यांना मुळीच सोसत नसे.

"रेडिएटरमधलं पाणी बघा आधी," बायको म्हणाली. "कमी झालं की हीटर चालत नाही म्हणे."

"अगं, हीटर आहे का बंब? पंचवीस वर्षं मशिनं खोलतोय, मला शिकवतेस?"

त्यांनी फ्यूज बघितला. शाबूत होता. बटण खोलून पुसलं. हवा गारच. त्यांच्या धंद्यात सगळ्या दुखण्याचं मूळ शेवटी गॅसमध्ये सापडतं. तेव्हा त्यांनी एसीत गॅस भरला आणि फ्रीजच्या सवयीने कॉम्प्रेसरची वायर थेट जोडून टाकली.

"बघ, फरक पडला!"

फरक पडला होता यात वाद नाही. आता एसी बंदच होईना. वायर सोडवायला गेले तर ती आत कुठेतरी अडकून बसली, आणि तोवर स्टेशनवर निघायची वेळ झाली.

"जरा हीटर लावा हो," गाडीत बसताच विहीणबाई म्हणाल्या.

"लावलाय की."

"मग वाढवा."

त्यांनी बटण लाल खुणेपर्यंत फिरवलं. पंखा बंद केला की समोरची काच धुरकट व्हायची, चालू ठेवला की विहीणबाई निळ्या पडायच्या. मागून बायकोने आधी स्वतःची शाल दिली, मग नवऱ्याचा कोट, शेवटी सीटचं कव्हर काढून त्यांच्या अंगावर घातलं. विहीणबाईंचं फक्त नाक दिसत होतं. तेवढ्यात बॉनेटमधून भसाभस वाफ आली आणि गाडी भर रस्त्यात बसली.

फ्रीजवाल्यांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाण्याचा टिपूस नव्हता. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली, आणि तेच त्यांना जास्त लागलं. लेकीने टाकलेला शब्द आपण मातीत घातला, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विहीणबाई, खरं सांगतो," ते म्हणाले, "मला हीटरमधलं ओ की ठो कळत नाही. दुसरा माणूस बघा तुम्ही."

सीटच्या कव्हरातून विहीणबाई खाली उतरल्या. त्यांनी उकळतं इंजिन पाहिलं, मग खिडकीतून आत हात घालून बघितला. दात वाजत होते तरी त्यांचा चेहरा खुलला.

"दुसरा कशाला? इंजिन उकळतंय, बटण लालवर आहे, तरी आत हात बधिर होतोय. माझ्या फ्रीजरना इतकी वर्षं हेच जमलं नाही! उद्या सकाळी दुकानात या. आत्ता मला टॅक्सी बघून द्या."