लोखंडाशी वाकडं

आमच्या गल्लीतले भास्कर सर कुणाच्या घरात शिरले की माणसाकडं न्हाई, वर बघतात. रामराम नंतर. आधी बीमाला लाकडी दांड्यानं ठोकणार, आवाज ऐकणार, मग म्हणणार, "गंज चढलाय." सरांना घिऊन केजला माझ्या पोरासाठी सोयरीक बघाया गेलतो, तितं बी हेच. पोरगी ऱ्हायली बाजूला. सोयरीक मोडली न्हाई हे नशीब.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. रिटायर होऊन युसूफ वडगावला परत आले. लोखंडाशी त्यांचं वाकडं. खाट लाकडाची, बादली प्लास्टिकची. पिशवीत कायम धागे मिसळलेल्या सिमेंटची पातळ पट्टी. दोन विटांवर ठेवून मला म्हणले, "उभे ऱ्हा, नाना. भिता कावून?" मी ऱ्हायलो. पट्टी वाकली, केसासारख्या चिरा पडल्या, पर तुटली न्हाई. उतरू बी देईनात.

औंदा माझ्या सैपाकघराच्या बीमाचे पोपडे पडले, सडलेली सळई दिसाया लागली. पोरगा म्हणला, खोली पाडून टाकू. माझी बायको जाऊन वरीस झालं न्हाई अन् तिची चूल पाडायची. मी सरांकडं गेलो.

सरांनी टेकू लावले, सडका भाग फोडला अन् काचेच्या धाग्याच्या सळया मागवल्या. कडब्याच्या ताटासारख्या हलक्या. मिस्त्री सवयीनं वाकवाया गेला, तर सळई सुटून त्याची टोपी उडाली. सर म्हणले, "ते लोखंड न्हाई बे. सरळच लाव." त्यावर धाग्याच्या सिमेंटचा थर दिला. "हिला गंज न्हाई. अन् लई वजन आलं तर बीम आधी वाकून सांगल, एकदम डोक्यात येणार न्हाई."

सरांची अजून एक खोड. बीम कशानं सडला ते मालकाच्या तोंडावर सांगतात. सरपंचाला म्हणले, "तुमच्या चिकटपणानं." टेकू काढायच्या दिवशी मला इचारलं, "नाना, बांधताना पाणी कुठलं व्हतं?"

"त्या साली हिरी आटल्या व्हत्या. माळावरल्या बोअरचं, खारट. माल कालवाया तेच, वरून माराया तेच. समदे हंडे बायकोनं वाह्यले, एकटीनं."

सरांनी बीमावरली नजर काढून माझ्याकडं बघितलं. खाऱ्या पाण्यानं सळई गंजती हे त्यांनीच अख्ख्या गावाला शिकवलंय. मला बी ठावं हाय.

"वहिनींनी पाणी लई चांगलं मारलं," सर म्हणले. "म्हणून तर बीम इतकी वर्सं टिकला."

मी व्हय म्हणलं. मग दोघांनी मिळून टेकू काढले.